खोकला कशाचा, ते आधी ओळखू

(वाडीवरच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



दर बैठकीत आपण दळीचं बोलतो. कुणाची पावती हरवली, कुणाचं पीक फॉरेस्टवाल्यांनी मोडलं, तारीख कधी पडली. आज आम्ही खोकल्याबद्दल बोलणार आहोत. येताना एक दादा म्हणाले, जमिनीच्या बैठकीत खोकला कशाला आणला? सांगतो. आपल्या दाव्यातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जुना माणूस. कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओहळापर्यंत आपली नाचणी-वरी होती, हे त्याच्या तोंडात आहे, कागदावर नाही. आणि तोच माणूस साहेबापुढे उभा राहिला की दोन वाक्यं सलग बोलू शकत नाही, इतका दम लागतो. गेल्या वैशाखात आपल्यातला असा एक जण गेला. त्याचं पुढे सांगू, कारण त्यात आमचीही चूक आहे.

जानेवारीत आम्ही चौघं, दोन पोरं आणि दोन पोरी, आरोग्याच्या शिबिरासाठी आठ दिवस पुण्याला गेलो होतो. राहायची सोय कसबा पेठेत होती, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी पेठ. कसबा गणपती तिथला, लाल महाल तिथला, शनिवारवाडा लागूनच. पण आम्हाला लक्षात राहिली ती तांबट आळी. पेशव्यांच्या काळात कोकणातून येऊन वसलेले तांबट तिथे अजून तांब्याची भांडी ठोकतात. हातोडीचा एकेक घाव शेजारी शेजारी घालून भांड्याच्या अंगावर खळगे पाडतात, त्याला माठारकाम म्हणतात. सकाळपासून ठणठण चालू. भट्टी पेटलेली. आमच्यातल्या कातकरी पोराने भट्टीपाशी पडलेला कोळसा उचलून बघितला आणि म्हणाला, हा ऐनाचा आहे. कुठल्या जंगलातला ते त्या लोकांना ठाऊक नव्हतं. पण आपल्या आजा-पणजानं रानात भट्ट्या लावून धूर खाल्ला, कोळसा शेठने नेला, आणि तोच कोळसा असा कुठेतरी जाऊन दुसऱ्या कष्टकऱ्याला पुन्हा धूर देतो, हे तिथे डोळ्यांनी दिसलं.

त्या आळीत एक म्हातारेबुवा खोकत बसलेले असायचे. आम्ही शिबिरात नवं नवं शिकलेलो, म्हणून शहाणपणाने विचारलं, बाबा, टीबीची तपासणी केली का? ते हसले. म्हणाले, "चारदा थुंकी दिली पोरांनो. काही निघत नाही. ही भट्टी आहे छातीत."

आम्ही माडीवर येऊन गप्प बसलो. आपल्याकडे खोकला म्हटला की तीनच गोष्टी बोलतात. एक, "खोकलाच हाय, जाईल." दोन, भगताकडे न्या, करणी आहे. तीन, टीबी झाला, ताट वेगळं करा. चौथी गोष्ट कुणी बोलत नाही.

आता जरा शरीराचं ऐका. पायात काटा मोडला की काय होतं? जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हे काटा करत नाही, आपलं अंग करतं. काटा घुसला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त धावून येतं, म्हणून लाल आणि गरम. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जे परकं दिसेल ते खायला लागतात. गार्ड आला अशी हाक आली की आपण सगळे हातातलं काम टाकून बांधावर धावतो ना, तसंच. पुस्तकात याला दाह म्हणतात. दाह म्हणजे रोग नव्हे, ती अंगाची धाव आहे.

संसर्ग ही वेगळी गोष्ट. संसर्ग म्हणजे जिवंत जंतू अंगात घुसून वाढणं. काट्याबरोबर मातीतले जंतू गेले, वाढले, तर जखम चिघळते, पू होतो. पू म्हणजे काय, तर लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि मेलेले जंतू. संसर्ग झाला की दाह होतोच. पण दाह आहे म्हणजे संसर्ग आहेच असं नाही. चटका बसला, मधमाशी चावली, तर सुजतं. त्यात जंतू कुठे असतो? एवढा एक फरक डोक्यात ठेवा. आठ दिवसांत आम्ही शिकलो त्यातलं हेच सगळ्यात कामाचं वाटलं.

आणि एक. बांधावर धावलेली माणसं संध्याकाळी घरी परतली तर ठीक. पण वर्षानुवर्षं तिथेच गर्दी करून उभी राहिली तर आपलंच पीक तुडवतात. अंगाचंही तसंच. दाह लवकर विझला तर जखम भरते. विझलाच नाही तर चांगलं मांस खराब होतं, त्या जागी वण धरतो, कडक, निबर.

आता छाती. बकरा कापला की गुलाबी, हलका, दाबला तर दबणारा, पाण्यात टाकला तर तरंगणारा भाग निघतो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. आपली फुप्फुसं तशीच. उलटं झाड समजा. घशातून खोड खाली येतं, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि पानांच्या जागी हवेचे बारीक बारीक फुगे, कोट्यवधी. त्या फुग्यांच्या पातळ भिंतीतून हवा रक्तात जाते. नळ्यांना आतून बारीक केस असतात, ते चिकट बेडक्यात अडकलेली घाण वर ढकलत राहतात. धूर आणि विडी हे केस मारतात. मग घाण वर यायला खोकल्याशिवाय वाट उरत नाही. म्हणजे खोकला हा चोर नव्हे, झाडूवाला आहे. विचारायचं असतं ते हे, की घाण कशाची?

जंतूची असेल तर त्यातही प्रकार. लहान पोरांचा न्यूमोनिया दिवसांत मारतो. फुगे पाण्या-पुवाने भरतात, पोर भराभर श्वास घेतं. यासाठी डॉक्टरच पाहिजे असं नाही, मोजता आलं पाहिजे. पोर शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल आणि ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं असेल आणि ४० किंवा जास्त भरले, तर तो न्यूमोनिया धरायचा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. फासळ्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल तर रात्रीच निघायचं, उजाडायची वाट बघायची नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना, अक्षर न येणाऱ्या सुइणींनासुद्धा, हे मोजायला शिकवलं, औषध द्यायला शिकवलं, आणि पोरांचे मृत्यू कमी झाले. ते १९९० साली विलायतेतल्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. आपल्या बाया काय कमी आहेत?

टीबी म्हणजे क्षय. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२ साली दाखवला. तो हळू वाढतो, हळू खातो. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त. तो करणीने होत नाही, आईबापाकडून रक्तात येत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. तो रोग्याच्या खोकल्यातून हवेत उडतो आणि कोंदट, अंधाऱ्या खोलीत जास्त पसरतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पण साधारण सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि आपली माणसं वीटभट्टीवर निघून जातात, गोळ्या बंद. मग उरलेले जंतू त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात. अजून एक, एका गोळीने लघवी तांबडी-केशरी होते. आपल्या वाडीतल्या एका बाईने रक्त जातंय म्हणून घाबरून औषध गटारात टाकलं होतं. ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगण्यावरून आठवलं. कसब्यात आमच्या माडीखालच्या आजींनी आम्हाला प्लेगच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या सासूकडून ऐकलेल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. तो उंदरांवरच्या पिसवांतून येतो, आणि जांघेत, काखेत गाठ येते. ती गाठ म्हणजे तरी काय, अंगाने जंतूशी मांडलेली लढाई, दाहच. रँड साहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर पेठांमधून घराघरात घुसले, माणसांना उघडं करून गाठी बघितल्या, सामान जाळलं. लोकांनी काय केलं? आजारी माणूस माळ्यावर लपवला, मेलेला घरात पुरला. रोग थांबला नाही, भीती वाढली. रँडला चाफेकर बंधूंनी त्याच साली जूनमध्ये गोळी घातली. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. माणूस उचलायला हात लागतो, बूट नाही, असं त्या आजी म्हणाल्या. आम्हाला ते पटलं.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा आपण काय केलं ते आठवा. तिकडून आलेल्या दोन पोरांना वेशीबाहेर तीन दिवस झाडाखाली ठेवलं. पाणी लांबून ओतलं. त्यांना साधा ताप होता. सुरतेतला प्लेग छातीत उतरलेला, खोकल्यातून पसरणारा, म्हणून काळजी घेणं बरोबरच होतं. पण १८९७ मध्ये औषध नव्हतं, आता आहे. टीबीवर जे स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन पूर्वी देत असत तेच प्लेगवरही चालतं. दवाखान्यात नेलं असतं तर त्याच दिवशी उलगडा झाला असता.

आता ज्याचं सांगायचं ठेवलं होतं ते. आमच्यातल्या एकाचा चुलता. दळीवर फॉरेस्टने रोपं लावली, पोट भरेना, म्हणून तो खडी फोडायच्या मशीनवर गेला. आठ पावसाळे सोडून आठ वर्षं. तोंडाला नुसता पंचा. दगडाचा जो चुरा डोळ्याला दिसतो तो नाकात, घशात अडकतो. जी धूळ दिसत नाही ती थेट फुग्यांत उतरते. पांढरी पेशी ती खाते. पण दगड पचत नाही, पेशी मरते, दगड पुन्हा मोकळा. दुसरी पेशी येते, तीही मरते. वर्षानुवर्षं दाह, मग वण, मग स्पंजासारखं फुप्फुस निबर होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. यात जंतू नाही. काम सोडलं तरी तो वाढू शकतो, आणि वण गेलेला कुणी पाहिला नाही. वर अशा छातीत टीबी सहज शिरतो, म्हणून दोन्ही तपासावं लागतं.

त्याला दम लागला तेव्हा आम्हीच त्याला बाजारच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. सलाईन, इंजेक्शन, दरवेळी दीडशे रुपये. इंजेक्शनने चार दिवस बरं वाटायचं. शिबिरात कळलं की दाह दाबणारी औषधं असतात, त्यांनी लगेच हलकं वाटतं, पण आत टीबी असेल तर तो मोकाट सुटतो. त्याला काय दिलं ते आम्हाला माहीत नाही, चिठ्ठी कधी मिळालीच नाही आणि आम्ही मागितली नाही. बकरी गेली, कानातलं गेलं. थुंकी एकदाही तपासली नाही, छातीचा फोटो काढला नाही. शेवटी तो बसूनच झोपायचा. दळीच्या हद्दीचा तो एकटा साक्षीदार होता. त्याची तारीख जूनमध्ये होती, तो मे मध्ये गेला.

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. त्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती आणि सिलिकोसिस त्यात होता. म्हणजे तो टीबीने गेला असं लिहिलं तर नशीब, आणि दगडाच्या धुळीने गेला असं सिद्ध झालं तर मालकाची जबाबदारी. पण आपल्याकडे त्याच्या हजेरीचा एक कागद नाही. दळीच्या पावतीसारखंच झालं.

बायांचं एक राहिलं. तुमच्यातल्या कितीजणी विडी ओढत नाहीत आणि तरी खोकतात? तांबट आळीतल्या बुवांसारखंच, भट्टी छातीत. बंद खोपटात ओलं लाकूड फुंकत तुम्ही रोज धूर घेता, पाठीवरचं पोरही घेतं. निर्धूर चूल म्हणून सरकारची योजना होती. लाकूड सुकवून वापरा, चुलीच्या वर कूड मोकळा ठेवा, पाऊस नसेल तेव्हा बाहेर रांधा. पोराला धुराजवळ बसवू नका, घरच्या गड्याकडे द्या, त्याचे हात काही झिजत नाहीत.

पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, दोन आठवडे किंवा जास्त खोकला असलेल्या सगळ्यांना घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात जाणार आहोत. गाडीचं भाडं संघटनेच्या डब्यातून. ज्यांनी खाणीवर, क्रशरवर काम केलं आहे त्यांनी मुकादमाचं नाव, कुठलं साल, बरोबर कोण होतं, हे मंगळवारी रात्री येऊन आमच्या वहीत लिहून घ्यायचं, हजेरीची चिठ्ठी, उचलीचा कागद, काहीही असेल ते आणायचं. त्यांच्यासाठी छातीचा फोटो मागायचा, नाही म्हणाले तर तसं लिहून मागायचं. थुंकीच्या डब्या आम्ही आदल्या दिवशी वाटू. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला बेडका हवा. तोंडातली लाळ चालत नाही, ती परत पाठवतात.