दुकानातला माल आणि आयकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी शिरूर येथे केलेले भाषण)



चहाफराळाच्या आधी आयकरावर बोलावयाचे, हे जरा रुक्षच. परंतु माझे माहेर शिरूरचे, सासर दौंडचे. चौफुल्यावरून ये-जा करीत मी दोन्ही गावांतील लहान दुकानांचे हिशेब लिहिते. त्यांतील कितीतरी दुकाने बायकांच्या नावावर आहेत, वही मात्र पुरुषांच्या हाती. म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

दौंडच्या एका भगिनीची हकीकत सांगते. पती अकस्मात गेले आणि साड्यांचे दुकान हिच्यावर आले. वर्ष संपताच दीर म्हणाले, "वहिनी, बारा लाखांची विक्री बँकेत दिसते आहे. कर भरता भरता दुकान जाईल. त्यापेक्षा माल मला देऊन मोकळ्या व्हा." बाई घाबरल्या. आम्ही दोघींनी रात्री बसून माल मोजला. वर्षारंभी तीन लाखांचा माल होता, वर्षात नऊ लाखांचा घेतला, ३१ मार्चला अडीच लाखांचा शिल्लक राहिला. म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी साडेनऊ लाखांची. बारा लाखांतून ती वजा केली. भाडे, वीज आणि कामावरच्या मुलीचा पगार मिळून नव्वद हजार वजा केले. राहिले एक लाख साठ हजार. कायद्याने उत्पन्न म्हणावयाचे ते एवढेच! २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाहीच. दुकान त्या आजही चालवितात, आणि दीर दिवाळीच्या साड्या तेथूनच नेतात. रोखीने.

आता यातली गोम पाहा. न विकलेला माल हा खर्च नव्हे. तो पुढल्या वर्षात जातो. त्याची किंमत खरेदीची किंवा बाजाराची, यांपैकी कमी असेल ती धरता येते. काठ जुने झाले, रंग उडाला, तर त्या साडीला खरेदीचा भाव लावून बसू नये. ज्यांना हे सारे लिहिणे जमत नाही आणि विक्री दोन कोटींच्या आत आहे, त्यांना विक्रीच्या आठ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून कर भरण्याची सोय आहे.

वस्तू एकच असली तरी ती कोणाच्या हाती आहे यावर कर ठरतो. सराफाने दुकानातली पाटली विकली की तो धंद्याचा नफा. तुम्ही आपली विकलीत तर तो भांडवली नफा, त्याचे नियम वेगळे. तुमच्या कपाटातली साडी विकलीत तर तीही गोष्ट नाही. आपल्या शिरूरकडचा कांदा शेतकऱ्याने स्वतःच्या रानातला विकला तर ते शेतीचे उत्पन्न, त्यावर आयकर नाही. तोच कांदा विकत घेऊन व्यापाऱ्याने विकला की तो माल झाला. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा. धंद्याचा माल आणि भांडवली मत्ता हा भेद दोन्हींत आहे.

दुकानातली साडी लेकीसाठी घरी नेली तर? हा प्रश्न मला हमखास विचारतात. मुंबईचे चांदीचे व्यापारी किकाभाई प्रेमचंद यांनी धंद्यातली चांदी काढून विश्वस्तनिधीला दिली. सरकार म्हणे, बाजारभावाने नफा दाखवा. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की माणूस स्वतःपासूनच नफा कमावू शकत नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तेव्हा नेसावयास नेलेली साडी खरेदीच्या भावाने वहीतून कमी करावी. मात्र सराफाच्या घरी हे तसेच चालत नाही. २०१८ च्या वित्त कायद्याने, धंद्यातला माल स्वतःची भांडवली मत्ता म्हणून ठेवला तर त्या दिवसाचा बाजारभाव धंद्याच्या उत्पन्नात धरतात; आणि दागिना ही मत्ताच.

नेलेली साडी त्याच दिवशी लिहून ठेवावी, एवढे मात्र करा. मार्चअखेरीस ती आठवत नाही, आणि मग मोजणीत दोन साड्या कमी का, म्हणून कामावरच्या बिचाऱ्या मुलीवर संशय येतो. हे मी पाहिले आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी शिरूरलाच आहे. ज्यांना माल मोजावयाचा असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. वही मात्र स्वतः घेऊन यावे, घरच्यांबरोबर धाडू नये. चहा थंड होतो आहे, तेव्हा आपली रजा घेते.