हॅशटॅग लावण्याआधी कोण ऐकतंय ते बघा



माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. वायरलेस सेट पहिल्यांदा हातात घेणाऱ्या जवानाला आम्ही सांगायचो, बाबा रे, तुझा आवाज कितीही खणखणीत असू दे, समोरचा ज्या फ्रीक्वेन्सीवर कान लावून बसलाय तिथे तू नसशील तर तू मुका. हे इतरांना शिकवणाऱ्या माणसाने साठी उलटल्यावर नेमकी हीच चूक केली. तीच आज सांगणार आहे.

महूला दोनदा पोस्टिंग झालं होतं, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला घर केलं. धाकटा भाऊ इथेच नोकरीला होता. तो अचानक गेला आणि भावजयीने घरच्या घरी फराळाचं काम सुरू केलं. चकली, करंज्या, अनारसे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि वर्षभर गोडा मसाला. पुतणीची कॉलेजची फी त्यातून जाते. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला तिने तूप, बेसन, खोबरं उधारीवर भरलं. ओळखीची घरं तेवढ्या मालाला पुरणारी नव्हती. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दिवसभर फोन घेऊनच बसता. माझं ते इन्स्टाग्राम तेवढं बघा ना."

मी बघितलं. प्रत्येक फोटोखाली तीस टॅग लावले, कारण तेव्हा तीसच चालायचे आणि दिलेला कोटा पूर्ण वापरायचा ही फौजेतली सवय. आठवडाभर काहीच हाललं नाही. मग पुतणीने फोन हातात घेतला आणि हसत सुटली. मी अकाउंट प्रायव्हेट ठेवलं होतं! सुरक्षेची सवय, दुसरं काय. प्रायव्हेट अकाउंटची पोस्ट टॅगमधून परक्या माणसाला दिसतच नाही. सेट बंद ठेवून मी आठवडाभर बोलत होतो.

अकाउंट उघडलं. आता लाइक यायला लागले, आणि मी खूश. पण ते लाइक कुठले? माझे टॅग होते #फूड, #लव्ह, #इन्स्टागुड, असले. त्या टॅगवर क्षणाक्षणाला जगभरातून फोटो पडतात. आमची चकली तिथे आली कधी आणि खाली गेली कधी, कोणाला कळणार? ज्यांनी लाइक केलं त्यातले काही ब्राझीलचे होते. ब्राझीलहून अर्धा किलो अनारशाची ऑर्डर येणार होती का? दिवाळीला बारा दिवस उरले होते, आणि भावजय रात्री हिशेबाची वही घेऊन बसलेली मला दिसायची. ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

मग मी मुळापासून विचार केला. २३ ऑगस्ट २००७ ला क्रिस मेसिना नावाच्या माणसाने ट्विटरवर सुचवलं, की एका गटाच्या गप्पा एकत्र सापडाव्यात म्हणून शब्दाआधी # लावावं. म्हणजे हे चिन्ह सापडण्यासाठी आहे, सजावटीसाठी नाही. मग प्रश्न उरतो, आमचं गिऱ्हाईक काय शोधतं? ते बसून शोधतं इंदुरात, दिवाळीच्या आधी, एखादा पदार्थ. तर टॅगही तेवढेच: गाव, पदार्थ, सण आणि आपलं स्वतःचं नाव. चार-पाच झाले. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये तीन ते पाच पुरे असं सांगितलं होतं, मी ते वाचलं नव्हतं.

आता महाराष्ट्राबाहेरच्या तुम्हा-आम्हासाठी खरी मेख. आपण म्हणतो इंदूर, पण गाव लिहितं इंदौर. आपलं बडोदं, त्यांचं वडोदरा. आपलं बेळगाव, सरकारी बेळगावी. यंत्राला हे वेगवेगळे शब्द आहेत. आमच्या इथल्या मराठी घरांतली तरुण मुलंसुद्धा फोनवर हिंदी किंवा रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून आम्ही #इंदौर_फराळ ठेवलं, जोडीला रोमनमध्ये एक. रोमनमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, वाचायला सोपं जातं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून मधे अंडरस्कोर. जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो, आडवी छोटी रेघ दिली तरी तुटतो.

आणखी एक गंमत. 'पुऱ्या'मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर खाली नुक्ता असलेला ऱ, दुसऱ्यावर साधा र आणि मधे एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला एकच दिसतं, यंत्राला शब्द दोन. म्हणून आमच्या टॅगमध्ये पुऱ्या नाहीत, #तिखट_मिठाची_पुरी आहे.

टॅग लावण्याआधी तो शोधून बघा, तिथे काय चाललंय ते. अमेरिकेतल्या डिजॉर्नो या पिझ्झा कंपनीने २०१४ मध्ये एका गाजत्या टॅगवर आपल्या पिझ्झ्याचा विनोद टाकला. तो टॅग नवऱ्याचा मार सोसलेल्या बायका आपली कहाणी सांगायला वापरत होत्या. कंपनीला माफी मागत फिरावं लागलं.

यावरून आमच्या घरातही वाजलं. पुढच्या जुलैत पुतणी म्हणाली, "काका, २६ जुलैला कारगिल विजय दिवसाचा टॅग लावू या. तुम्ही फौजी, आपल्याला शोभेल." मी नाही म्हणालो, जरा मोठ्यानेच. त्या टॅगवर कोणीतरी आपल्या मुलाचा फोटो टाकतं. त्याच्या खाली मसाल्याचं पाकीट मी नाही ठेवणार. ती रुसली. भावजय म्हणाली, "विकला नाही तरी चालेल, पण तसला मसाला नको." विषय संपला.

त्या पहिल्या दिवाळीचं काय झालं? उरलेल्या बारा दिवसांत माल गेला, फक्त थोडा चिवडा उरला, तो आम्हीच खाल्ला. पण मी फुशारकी मारणार नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकाला भावजय विचारते, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि वहीत लिहिते. त्या वहीप्रमाणे निम्म्याहून जास्त लोक शेजारणीने सांगितलं म्हणून आले. टॅगवरून आलेले मोजके अकरा. त्यातले सात मात्र पुन्हा आले. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टॅग लावत असाल तर सोडून द्या. तिथे तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसतं.

यंदा वहीत एक नवा रकाना आलाय, टॅग कोणत्या लिपीत शोधला त्याचा. भावजयीनेच आखला. आत्तापर्यंत रोमन पुढे आहे. मला ते फारसं आवडलेलं नाही, पण वही तिची आहे.