लिंबाला तहान लागू द्या



वसंतातल्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ लिंबाच्या झाडाला द्यायची, हे संयोजकांचं धाडसच म्हणायचं. काल याच मंचावर संतसाहित्य होतं, उद्या अर्थकारण आहे, आणि मधे मी लिंबू घेऊन उभा. पण विषय वेळेला धरून आहे. या दिवसांत बाजारात लिंबाचा भाव विचारायला धीर लागतो. 2022 चा एप्रिल आठवा. एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं. रसवंतीवाल्यांनी लिंबू पिळणं बंद केलं आणि वर्तमानपत्रांना विनोदाला विषय मिळाला. त्या भाववाढीला कारणं पुष्कळ होती. त्यातलं मोठं कारण मात्र आदल्या पावसाळ्यात घडलं होतं.

उन्हाळ्यात जे लिंबू येतं ते हस्त बहाराचं. त्याची फुलं ऑक्टोबरच्या आसपास लागतात, आणि ती लागावीत म्हणून त्याआधी झाडाला काही दिवस तहानलेलं ठेवावं लागतं. 2021 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला हे तुम्हाला मी सांगायला नको. गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी नद्या-नाले एक केले. आभाळ कोसळत असताना रानातल्या झाडाला तहान कशी लागणार? तहान नाही म्हणून फूल नाही, आणि फूल नाही म्हणून एप्रिलमध्ये लिंबू नाही.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण घरच्या लिंबाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्यात आहे. आपण अंगणात किंवा गच्चीवर लिंबू लावतो, रोज सकाळी पाणी घालतो, भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, जे असेल ते पाणी घालतो, वर चहाचा चोथा. झाड हिरवंगार होतं, छपराला टेकतं, आणि पाच-सहा वर्षांनी आपण म्हणतो, झाड नुसतंच माजलं, फळ काही धरेना. आश्चर्य हे की ही तक्रार जालन्यात ऐकू येते. अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतला मोसंबीचा बागायतदार झाडाला ताण देण्याच्या, म्हणजे तहानलेलं ठेवण्याच्या, विद्येवर घर चालवतो. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. एवढी जाणकार माणसं दहा-वीस किलोमीटरवर असताना आपण लिंबासाठी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी बाईचा सल्ला बघतो. तिच्या गावात बर्फ पडतो. तिला झाड थंडीपासून वाचवायचं आहे, आपल्याला आपल्या हौसेपासून.

झाड घ्यायचं तर कोणतं घ्यायचं? मी कागदी लिंबूच सांगेन. नर्सरीत हल्ली बिनबियांचं, बारमाही, मोठ्या फळाचं लिंबू दाखवतात. ते लवकर फळतं, रसही देतं. पण कागदी लिंबाचा जो वास आहे, नखानं साल खरवडली की नाकात शिरणारा, तो त्याला नाही. पोह्यांवर पिळायचं लिंबू आणि बाटलीत भरायचा आंबट रस, एवढा फरक आहे. परभणीच्या विद्यापीठानं विक्रम आणि प्रमालिनी हे वाण दिले, राहुरीनं साई शरबती दिलं. यातलं कोणतंही डोळे मिटून घ्यावं. अलीकडे शहरांतून काफिर लाईम म्हणून एक झाड मिळतं, पानाच्या खाली दुसरं पान जोडल्यासारखं दिसतं. थायलंडकडच्या स्वयंपाकात त्याची पानं घालतात. फळाला रस नावापुरताच, पण पानांचा वास असा की एक पान चुरून ताकात टाकलं तर घरभर कळतं. हौस असेल तर तेही लावा, निगा तीच.

जाता जाता या कुळाची एक गंमत. कागदी लिंबू मुळात संकरातून झालेलं आहे, हे अलीकडे जनुकांच्या तपासणीतून पक्कं झालं. आई फिलिपिन्सकडची एक रानटी लिंबूवर्गीय जात, आणि बाप महाळुंग. तेच महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. आपली मोसंबीही अशीच पपनस आणि संत्र्याच्या कुळातून आलेली. थोडक्यात, मोसंबी आणि लिंबू एकमेकांचे भाऊबंद आहेत, म्हणून एकाचं शास्त्र दुसऱ्याला बरंचसं लागू पडतं.

आता बी लावावं की कलम? आंब्याचं बी लावलं तर झाड आईसारखं निघेलच असं नाही, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून लिंबाच्या बीलाही आपण नाकं मुरडतो. कागदी लिंबाचं तसं नाही. त्याच्या एका बीतून बहुधा दोन-तीन रोपं निघतात, आणि त्यातली जोमदार रोपं आईच्याच पेशींपासून झालेली, म्हणजे थेट आईची प्रत असतात. मागे राहिलेलं मरतुकडं रोप तेवढं उपटून टाकायचं. मात्र बी ओलं असतानाच पेरायचं. वाळवून डबीत ठेवलेलं बी उगवेलच असं नाही. बीच्या रोपाला काटे दणकून असतात आणि फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. ज्यांना तेवढा दम नाही त्यांनी गुटी किंवा कलम घ्यावं.

कलम घेतलंत तर नाकाचा उपयोग करा. कलम म्हणजे खाली खुंट आणि वर आपल्याला हवं ते झाड. खुंट बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लाईमचा असतो. जोडाच्या खालून फुटवा आला की तो तिथल्या तिथे काढायचा. तो राहिला तर वरच्या झाडाला मागे टाकतो, आणि एक दिवस मोसंबीच्या झाडाला खडबडीत आंबट फळं लागतात. मग नर्सरीवाल्यानं फसवलं म्हणून आपण बोटं मोडतो. शंका आली तर वरचं एक पान आणि फुटव्याचं एक पान वेगवेगळ्या तळहातांवर चोळा आणि हुंगा. वास वेगळा आला की समजा, तो परका आहे. डोळ्यांना चकवा बसेल, नाकाला सहसा बसत नाही.

लावायचं कुठे? सहा तास ऊन मिळेल तिथे. भिंतीच्या सावलीत लिंबू जगतं, फळत नाही. आपली काळी माती कापसाला लाख चांगली, लिंबाला जड. ती पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. अंगणात खड्डा घेतला तर तळाशी मुरूम, वर माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंचवट्यावर. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी असलाच पाहिजे. कुंडीत लावायचं तर प्लॅस्टिकचं मोठं पिंप अर्धं कापून घ्या, बुडाला भोकं पाडा, मातीत वाळू आणि खत सढळ हातानं मिसळा. काळं पिंप मे महिन्यात तव्यासारखं तापतं आणि कडेची मुळं भाजतात, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा.

आता पाण्याकडे येतो. बागायतदाराची आळी नीट बघितलीत तर ती दुहेरी असतात. खोडाभोवती मातीचा एक गोल बांध, त्याच्या बाहेर दुसरा, आणि पाणी या दोन्हींच्या मधे. खोड कोरडं राहतं. कारण खोडाशी पाणी साचलं की जमिनीतली बुरशी साल धरते, सालीतून डिंक गळायला लागतो आणि झाड उतरणीला लागतं. याला बागायतदार डिंक्या म्हणतात. आपण घरी नेमकं उलटं करतो. बादली थेट बुंध्यावर ओततो. पाणी बुंध्यापासून हातभर लांब द्या. कुंडीत असेल तर कडेनं द्या. आणि वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय देऊच नका. मे महिन्यात कुंडीला रोज लागेल, थंडीत चार-पाच दिवसांनी पुरेल. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी: एक भाग मोरचूद, एक भाग चुना, दहा भाग पाणी. एका झाडाला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि लिटरभर पाणी रग्गड होतं. लोखंडाच्या भांड्यात मात्र कालवू नका.

आमच्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणून बहुतेक घरांत झाडाला बोअरचं पाणी जातं, आणि ते क्षारयुक्त असतं. जमिनीत चुनखडी, वर असं पाणी, मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोह-जस्ताची कमतरता. अशा झाडाला आणखी युरिया घालून काही होत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना घालून नव्या पालवीवर फवारा, लोहासाठी चिलेटेड फेरस मिळतं ते द्या. पिवळी पानं खालची, जुनी असतील तर मात्र झाड उपाशी आहे. त्याला शेणखत हवं.

आणि आता ताण. बागायतदार तीन बहार मानतो: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, पावसाच्या तोंडावरचा मृग आणि ऑक्टोबरचा हस्त. तत्त्व एकच. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न नव्या फुटीवर खर्च न होता फांद्यांत साठतं. मग पाणी दिलं की डोळे फुटतात ते फुलं घेऊन. सतत पाणी पिणारं झाड पानंच काढत बसतं. त्याला फुलण्याची गरजच वाटत नाही.

जो हस्त बहार रानात पावसाच्या मर्जीवर असतो, तो घरच्या कुंडीत आपल्या हातात आहे. ज्या शेतकऱ्याकडे दोनशे झाडं आहेत तो त्यांच्यावर छत्री धरू शकत नाही. आपल्याला एकाच झाडावर धरायची आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कुंडी ओसरीत, छपराखाली सरकवा. भलं मोठं पिंप हलणार नाही. मग मातीवर प्लॅस्टिकचा कागद असा बांधा की पाऊस बाहेर निथळून जाईल. पाणी बंद. जमिनीतल्या झाडाला तीन-चार आठवडे लागतात, कुंडीतल्याला फार कमी. आठवड्याभरातसुद्धा पानं मान टाकायला लागतात. पानांची चमक गेली, ती कडेनं वळली, खालची काही गळाली की पुरे. माती हलकी खुरपा, वाळक्या काड्या छाटा, खत घाला आणि पाणी सुरू करा, तेही पहिल्या दिवशी थोडं, मग वाढवत. महिन्याच्या आत फुलं दिसतील. त्या फुलांचा वास संध्याकाळी घ्यावा, आणि त्या दिवसांत कसलंही औषध फवारू नये, कारण मधमाश्या येत असतात. बरीचशी फुलं गळतील. ती गळायचीच असतात, लगेच टॉनिकची बाटली आणायला धावू नका. मार्च-एप्रिलमध्ये, बाजारात भाव चढलेला असताना, लिंबं तुमच्या झाडावर पिवळी होत असतील. फळ धरल्यावर पाण्यात मात्र खंड नको, नाहीतर सुकलेल्या झाडाला एकदम पाणी मिळून फळं तडकतात.

एक इशारा. चार वर्षांच्या आतल्या, आजारी किंवा वाळत चाललेल्या झाडाला ताण देऊ नये. ताण देणं वेगळं आणि तहानेनं मारणं वेगळं. 2012-13 चा दुष्काळ या जिल्ह्यानं बघितलाय. त्या ताणाचा शेवट कुणाच्या हातात नव्हता. टँकरनं जगवता येतील तेवढी झाडं लोकांनी जगवली, आणि बाकीच्या उभ्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. पंधरा-पंधरा वर्षांची झाडं सरपण म्हणून गेली. बागायतदाराच्या तोंडी ताण हा शब्द येतो तेव्हा त्याच्या मनात हेही असतं.

किडींचं थोडक्यात सांगतो. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी; पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून नव्या पालवीवर फवारा. पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके म्हणजे खैऱ्या. त्या फांद्या छाटून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला तीन ग्रॅम फवारा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगं काढून दुर्गंधी सोडते. चार-पाच अळ्या लहान रोप दोन दिवसांत बोडकं करतात. लहान रोपावरच्या हातानं वेचा, मोठ्या झाडावरच्या राहू द्या. कढीपत्ता आणि बेल लिंबाच्याच कुळातले, त्यामुळे तिथेही ही मंडळी सापडतील. महाराष्ट्रानं 2015 मध्ये जिला राज्य फुलपाखराचा मान दिला ती निळी राणी पाकोळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. राज्याच्या पाहुण्याला दहा पानं द्यायला हरकत नसावी.

काटेरी झाड दारात नको, असं वास्तूवाले सांगतात. दर शनिवारी दाराला टांगायला त्यांना लिंबू मात्र लागतं. ते कुणाच्या तरी दारातल्या काटेरी झाडावरच पिकलेलं असतं.

मृगाला अजून वेळ आहे, तोवर जागा बघा, पिंप कापा, माती चाळून ठेवा. रोप जूनच्या एक-दोन पावसांनंतर आणा, शासनमान्य रोपवाटिकेतूनच आणा, आणि घेताना कलमाचा जोड आणि पानाचा वास दोन्ही तपासा. ज्यांच्या घरी झाड आहे पण फळ नाही, त्यांनी या सप्टेंबरात पाणी तोडून बघावं, आणि अडलं तर खरपुडीला किंवा बदनापूरला जाऊन विचारावं. जाताना झाडाची एक फांदी पानांसकट पिशवीत घेऊन जा.