गाभाऱ्यातला अंधार



जीर्णोद्धाराच्या बैठकीत तरुण मंडळींनी सूचना केली की, गाभाऱ्यात झगझगीत दिवे बसवावेत. सूचना भक्तीपोटीच आहे. परंतु सगळा अंधार एका जातीचा नसतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गाभारा म्हणजे गर्भगृह. आईच्या पोटात उजेड नसतो, तरी जीव तेथेच वाढतो. बाहेरच्या उन्हातून आत गेले की क्षणभर काही दिसत नाही, पाऊल आपोआप सावकाश पडते, मग समईच्या ज्योतीत देवाचे मुख हळूहळू दिसू लागते. कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. गाभारा आधीच लखलखीत असता, तर ती किरणे कोणाला दिसली असती? आणि मृगात आभाळ अंधारून आले की आपण शेतकरी काय दुःख करतो?

दुसरा अंधार मात्र माणूस मुद्दाम करतो. त्याला आपण ‘अंधारात ठेवणे’ म्हणतो. तालुक्याच्या कचेरीत नोकरी करताना तो कागदावर पाहावयास मिळतो. वडील वारले, वारसनोंदीचा अर्ज आला. त्यात भावांची नावे असतात, बहिणींची नसतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, पण तिला कोणी सांगितले तर ना! भाऊबीजेला ओवाळून घेणारेही यात असतात. पसायदानात माउलींनी जो अंधार जावा म्हणून मागणे केले, तो रात्रीचा नव्हे, हा होय.

देवळाच्या कामातही हा अंधार शिरतो. वर्गणी कोठे गेली या एका प्रश्नावरून गावात दोन तट पडतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवणे व तपासून घेणे भाग आहेच. पण तपासनिसाने पाहिले म्हणजे गावाने पाहिले असे होत नाही. आश्विन अमावास्येच्या काळोखात, लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी हिशेबाच्या वह्या पूजतात. पूजलेली वही उघडायला संकोच कसला?

तेव्हा माझी विनंती अशी की, गाभाऱ्यात समईच राहू द्यावी. मोठा दिवा सभामंडपाच्या दाराशी लावावा आणि त्याखाली जमाखर्चाचा फळा असावा. सिमेंट, वाळू, गवंड्यांची मजुरी, कळस, सारे त्यावर यावे. पाच रुपये देणाऱ्या म्हातारीचेही नाव यावे. अक्षर ठसठशीत हवे. फळा लिहिण्याचे काम दर रविवारी मी करीन.