आपोआप बंद पडणारा संगणक आणि वहीतल्या नऊ नोंदी

आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आपल्या भागातला घेवडा, आलं, गटाचं कर्ज, हप्ते यांवर आपण रेडिओवर नेहमी बोलतो. आज जरा वेगळं सांगणार आहोत. आमच्या गटाचा संगणक आपोआप बंद पडायचा. त्यापायी आमच्यातल्या एका काकूंवर नाहक आळ आला. ते कसं झालं आणि आम्ही बिघाड कसा शोधला, ते ऐका.

आमचा संगणक कंपनीतून तयार आलेला नाही, जोडलेला आहे. गटातल्या एका ताईंचा भाचा डिप्लोमाला शिकतो. त्यानं पुण्याहून सुटे भाग आणले आणि आमच्यासमोर जोडले. बाहेरचा लोखंडी डबा म्हणजे कॅबिनेट. आत एक मोठी पाटी, तिला मदरबोर्ड म्हणतात. त्या पाटीवर प्रोसेसर बसतो, तो संगणकाचा मेंदू. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. शिवाय विजेचा एक बंद डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटून देतो. जोडलेल्या संगणकाचा जो भाग बिघडेल तेवढाच बदलता येतो. पण कुठला भाग बिघडलाय, हे आधी कळायला लागतं.

दोन वर्षं संगणक नीट चालला. हप्त्यांचा हिशोब, घेवडा विक्रीची बिलं, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा काढणं, सगळं त्यावरच. एप्रिलमध्ये तो कुरकुरायला लागला. काम चालू असताना खट्‌ करून पडदा काळा. एका बैठकीत सचिव ताई हप्ते टाकत होत्या आणि मध्येच तो गेला. परत चालू केला, राहिलेले हप्ते टाकले. पण आधीच्या दोन नोंदी उडाल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक नंतर सापडली. दुसरी काकूंची होती. महिनाअखेरीला यादी छापली, तर काकूंचं नाव थकबाकीत. आणि ती यादी भर बैठकीत मोठ्यानं वाचली गेली.

काकू म्हणाल्या, "मी भरलाय की हप्ता! तुमच्याच हातात दिलाय." कुणीतरी हळूच म्हणालं, "यंत्र कशाला खोटं बोलेल?" काकू उठल्या, घरी जाऊन पासबुक घेऊन आल्या. त्यात हप्त्याची नोंद होती आणि खाली सचिव ताईंचीच सही. व्यवहार तिथं मिटला. पण पुढच्या बैठकीला काकू आल्या नाहीत.

तेव्हा आम्ही ठरवलं, या यंत्राचा सोक्षमोक्ष लावायचा. एका दुकानात दाखवला. त्यांनी डबा न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, सात-आठ हजार लागतील. गटाच्या शिलकीतून तेवढे काढायचे म्हटलं तर एकीचं बियाण्याचं कर्ज थांबलं असतं. आमच्यातल्या एका सूनबाईनं एमएस-सीआयटी केलंय. ती म्हणाली, "तापाचा रोगी आला तर डॉक्टर आधी विचारतात, ताप कधी येतो? आपण आधी आठ दिवस लिहून ठेवू."

शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, काय काम चालू होतं, घरातले दिवे कसे होते, पंख्याचा आवाज कसा होता, आणि बंद कसा पडला, एवढं लिहायचं. आठ दिवसांत नऊ वेळा बंद पडला. वही उघडली आणि आम्हीच चकित झालो. नवातल्या सात नोंदी दुपारी बारा ते चारमधल्या होत्या, तेही तासभर काम झाल्यावर. उरलेल्या दोन संध्याकाळी सातच्या सुमाराच्या. त्या दोन्ही वेळा शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली होती आणि दिवे मंद झाले होते. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते.

संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीतही बघितलं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचा भाग असतो. तिथं प्रत्येक वेळी ४१ नंबरची नोंद होती, कर्नल-पॉवर. ती नोंद एवढंच सांगते, की संगणक रीतीप्रमाणे बंद न होता मध्येच गेला. का गेला, ते सांगत नाही. त्यामुळे ४१ दिसला म्हणजे अमुकच भाग गेला, असं कुणी म्हणालं तर लगेच पैसे काढू नका.

आता दुपारचा आजार. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ बटण दाबत राहिलं, की बायोस उघडतं. कुठल्या संगणकाला कुठलं बटण, ते सुरुवातीला पडद्यावर येतं. तिथं हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ असं एक पान असतं. प्रोसेसरचं तापमान, पंख्याच्या मिनिटाला किती फेऱ्या, कुठल्या तारेला किती व्होल्ट, सगळं त्यावर दिसतं. काम चालू असताना बघायचं तर एचडब्ल्यू-मॉनिटरसारखी फुकट मिळणारी प्रोग्रॅम असतात. आम्ही ती लावली आणि हिशोब उघडून बसलो. साठ, सत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव... आणि खट्‌! बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरी ताप उतरला नाही, तर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो, तो त्याचा जीव वाचवायचा उपाय होता.

मात्र यंत्रानं दाखवलेला प्रत्येक आकडा खरा धरू नका. आमच्या पडद्यावर एका ओळीत १२७ अंश दिसत होतं, संगणक नुकता सुरू केला तरी तेवढंच. आक्का म्हणाल्या, "आगं, शंभराला पाणी उकळतंय, आन्‌ ह्यो डबा तर गार हाय!" बरोबर होतं त्यांचं. ज्या जागी तापमापकच जोडलेला नसतो, तिथं असा न हलणारा आकडा येतो. दुसऱ्या ओळीत १२ व्होल्टच्या तारेवर आठ व्होल्ट दिसत होते. बायोसमध्ये मात्र १२.१. ही तार ११.४ ते १२.६ च्या आत असली म्हणजे ठीक. खरोखर आठ असते, तर संगणक चाललाच नसता. म्हणून दोन ठिकाणी बघायचं, आणि कामाबरोबर आकडा हलतो का, तेही बघायचं.

मग डबा उघडला. आधी वीज बंद केली, वायर काढली, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं आणि लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. आत बघतो तर पंख्याखालच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा! घेवडा झोडपताना उडालेला भुसा, उदबत्तीची काजळी, झाडलोटीचा कचरा. आणि खरं सांगायचं तर मोठी चूक आमचीच होती. धूळ बसू नये म्हणून आम्ही दोऱ्याचं विणलेलं सुंदर कव्हर डब्यावर घातलं होतं. काम चालू असतानाही ते काढत नव्हतो. गरम हवा जायची जागाच आम्ही प्रेमानं झाकून टाकली होती.

पंख्याचं पातं बोटानं धरून मऊ ब्रशनं धूळ काढली. पातं धरायचं, कारण फुंकताना पंखा जोरात फिरला तर खराब होऊ शकतो. ठोकळा काढताना खेचायचा नाही, अलगद फिरवत सोडवायचा. त्याच्याखालची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून मुगाच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त नवी पेस्ट लावली. ट्यूब त्याच दुकानातून आणली, दीडशे रुपयांना. कॅबिनेट जमिनीवरून उचलून पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. आता भर दुपारी कामात अडुसष्ट अंशांच्या वर जात नाही.

संध्याकाळचा आजार युपीएसचा निघाला. गिरणी सुरू झाली की वीज क्षणभर खाली जायची. ती वेळ युपीएसनं सांभाळायची असते, पण त्याची बॅटरी संपली होती. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षं टिकतात. तपासायची रीत सोपी आहे. सगळी कामं जतन करून युपीएसची भिंतीवरची कळ बंद करा. संगणक लगेच गेला, तर बॅटरी संपली. आमची बदलली आणि संध्याकाळचं बंद पडणंही थांबलं.

आणखी दोन गोष्टी. बंद करायला सांगूनही संगणक 'बंद होत आहे' एवढंच दाखवत अडकला, तर पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून बघा. शेवटचा उपाय म्हणून बटण दहा सेकंदांपर्यंत दाबून धरा, पण ती रोजची सवय लावू नका. आणि तारीख-वेळ दर वेळी मागं जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की बँकेची साइटसुद्धा उघडत नाही.

एक मात्र नक्की पाळा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतकी वीज साठून राहते. जळका वास आला, ठिणगी दिसली, तर कळ बंद करून जाणकारालाच बोलवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर गुण कशानं आला, ते कळत नाही.

मग आम्ही सगळ्या मिळून काकूंच्या घरी गेलो. सचिव ताईंनी त्यांची माफी मागितली, आणि यंत्राच्या बाजूनं बोलणारीनंही. काकूंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "यंत्र बंद पडतंय, त्याला काय करणार. पर माझी सही बघायच्या आधी तुमी त्याचं ऐकलं, त्याचं वाईट वाटलं."

त्या दिवसापासून गटाचा नियम आहे. पैसे घेतले की आधी पासबुकात आणि रजिस्टरात नोंद, सही, मगच संगणक. प्रत्येक हप्ता टाकला की लगेच जतन करायचं, आणि बैठक संपली की पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. यादी वाचण्याआधी ती रजिस्टराशी ताडून बघायची. ताडून बघायचं काम आता काकूंकडे आहे.

तुमच्या गटाचा संगणकही असाच रुसत असेल, तर आज एक वही काढा आणि पहिली नोंद करा.