फोटो जिवंतपणी काढावा

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे, त्याला तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत एक गिऱ्हाईक मला पुन्हा पुन्हा भेटले. माणसे निराळी, पण काम एकच. सकाळीच दोघेजण येतात. डोळे सुजलेले असतात. खिशातून लग्नातला ग्रुप फोटो, नाहीतर मतदार ओळखपत्र काढतात आणि म्हणतात, "भाऊ, यातल्या बुढीचा फोटो मोठा करून द्या. तेरवीले लावाचा आहे."

मग मी त्या माउलीला गर्दीतून कापून काढतो. शेजारणीचा खांदा पुसतो, मागचा मंडप पुसतो. पण अर्धवट मिटलेले डोळे मला उघडता येत नाहीत. पुढे कितीतरी वर्षे घरातली लेकरे त्याच चेहऱ्याला आजी म्हणून ओळखतात.

हे मी दुसऱ्यांचे सांगतो आहे असे समजू नका. माझे वडील अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत काट्यावर कापूस मोजायचे. मी शेकडो लग्ने टिपली, पण वडिलांना कधी धड समोर बसवले नाही. 'पुढच्या वेळी आलो की काढू' हे ठरलेले वाक्य. ते गेले तेव्हा बँकेच्या पासबुकावरचा शिक्का बसलेला फोटोच मोठा करावा लागला. त्या दिवशी ठरवले, आईच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही.

आई म्हणाली, "कायले काढतं रे फोटू? मी मेल्यावर लावाले का?" मी म्हटले, "नाही, तुला पाहायला."

पहिल्या रविवारी मी कॅमेरा न घेताच अकोल्याला गेलो. तयारी ती हीच. माणूस दिवसभर कुठे बसतो, हात काय करतात, कोणत्या वेळी घरात उजेड कसा येतो, हे आधी पाहून घ्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. भरदुपारी उन्हात उभे केलेल्या माणसाचे डोळे बारीक होतात आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस बरे. सकाळी आठ-नऊची वेळ, ओसरीची सावली, समोर मोकळे आकाश. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर धरावी. दुसरा दिवा लागत नाही.

कपड्यांचा प्रश्न निघाला. बहिणीला वाटले, पैठणी नेसवावी. मला आनंदीबाई जोशींचा फोटो आठवला. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तो काढला गेला. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाहून आलेली आणखी एक विद्यार्थिनी. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत. म्हणून आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही फोटो पाहताच कळते, कोण कुठली. आई रोजच्या लुगड्यातच बसली.

हातात काय द्यावे? आपल्याच जिल्ह्यातले दाखले घ्या. खराटा आणि डोक्यावरचे गाडगे दिसले की चेहरा पाहण्याआधी गाडगेबाबा ओळखू येतात. खंजिरी दिसली की तुकडोजी महाराज. प्रत्येकाची अशी एक वस्तू असते. आई रोज सकाळी बंगईवर बसून देवासाठी वाती वळायची. मी म्हटले, तेच कर. फक्त बंगई हलू नये म्हणून कड्यांना दोरी बांधली.

आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, त्यानेही चांगला फोटो निघतो. मात्र मोबाईल तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठे दिसते. पाच-सहा फूट मागे सरका आणि थोडे झूम करा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. आणि 'हसा' असे म्हणू नका. आवडते माणूस कॅमेऱ्याशेजारी बसवा आणि गप्पा मारू द्या.

मी बहिणीला बसवले. तिने वडिलांचा विषय काढला. आई सांगू लागली की संध्याकाळी ते घरी आले की सदऱ्याला, मिशांना कापूस चिकटलेला असायचा आणि ती तो वेचून त्याच्याच वाती करायची. सांगता सांगता तिला हसू आले. सवयीने पदर तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मी बटण दाबले.

नंतर मी तिला चार फोटो दाखवले. माझ्या पसंतीचा अगदी नीटनेटका होता, नजर समोर, पदर डोक्यावर. तिने त्यावरून बोट सरकवले आणि पदराच्या त्या फोटोवर ठेवले. "यात मी माह्यासारखी दिसतो," म्हणाली. तीस वर्षे धंदा करून मला निवडता आला नाही तो तिने निवडला. तेव्हापासून निवड मी त्या माणसावरच सोपवतो.

एक काम मात्र विसरू नका. फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका, कारण मोबाईल हरवतो. चांगल्या कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. आनंदीबाईंच्या फोटोखाली नावे आणि तारीख आहे, म्हणून त्या तिघी अनोळखी राहिल्या नाहीत.

आईचा फोटो अकोल्याच्या घरी बंगईसमोर लावला आहे. हार नाही. ती त्याच्याकडे पाहत वाती वळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरानं काढला." वडिलांचा फोटो शेजारी आहे, पासबुकाच्या शिक्क्यासकट. तो शिक्का मला पुसता आला असता. मी मुद्दाम पुसला नाही.

आपल्या घरीही कोणी ओसरीवर बसले असेल. येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. कॅमेरा पुढच्या रविवारी न्या, पण त्याच्यापुढे ढकलू नका.