दम्याची औषधे आणि परिचारिकेचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक सभेत परिचर्या विभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



दम्याच्या रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देतात. ते फुप्फुसापर्यंत पोहोचते की नाही, हे मात्र ते घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ही पद्धत शिकविणे हे आम्ही परिचारिका आमचे प्रमुख कर्तव्य मानतो.

'पंपाची सवय लागते', 'पंप हा शेवटचा उपाय', असा समज आजही घरोघरी आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सालब्युटामॉलच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात सामान्यतः केवळ १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या वा चाळिसाव्या हिश्शाइतके. ते थेट श्वासनलिकांत जात असल्याने अल्प मात्रा पुरते आणि हातांचा कंप, छातीची धडधड हे त्रासही कमी होतात.

सालब्युटामॉल आकुंचित श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते. आतील सूज मात्र उतरवीत नाही. ते कार्य बुडेसोनाइडसारखी श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइड औषधे नियमित वापराने करतात. बरे वाटू लागताच पुष्कळ घरांत नेमके हेच औषध बंद होते आणि पुढचा झटका रुग्णाला मध्यरात्री रुग्णालयात आणतो. केवळ सालब्युटामॉलवर विसंबून राहू नये, असे 'जिना' या आंतरराष्ट्रीय दमा उपक्रमानेही २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी स्पष्टपणे सांगितले आहे.

पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, फवारा सोडतानाच सावकाश व खोल श्वास घ्यावा आणि सुमारे १० सेकंद रोखून धरावा. भुकटीच्या उपकरणात याउलट श्वास जोराने ओढावा लागतो. त्यातील कॅप्सूल गिळावयाची नसते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

लहान मुले व वृद्ध यांना फवारा आणि श्वास यांचा मेळ साधत नाही; त्यांच्यासाठी 'स्पेसर' ही नळी उपयुक्त ठरते. ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीचा, पंपाच्या जोडाशी घट्ट बंद केलेला स्पेसरही मुलांमध्ये चांगले काम देतो, हे दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले. मोठा खर्च नसतानाही श्वास वाचू शकतो, एवढाच याचा अर्थ.

नातेवाइकांस आमची विनंती आहे की, प्रत्येक भेटीत पंप सोबत आणावा व आमच्यासमोर वापरून दाखवावा. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील वा पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

देणगीदारांच्या साहाय्याने यंत्रे येतात, औषधेही येतात. त्याच औदार्यातून गरजू रुग्णास स्पेसर आणि परिचारिकेस शिकविण्यासाठी निवांत वेळ मिळावा, एवढीच आमची प्रार्थना.